ट्रक किती खेचतो ते नंतर, आधी त्याच्या पाठीवर किती झेपतं ते बघा

वाचकाचं पत्र:

दादा, नमस्कार. मागच्या वर्षी आम्ही न्यू जर्सीतलं एडिसन सोडलं आणि न्यू हॅम्पशायरमध्ये कीनच्या जवळ जुनं घर घेतलं. घरात वुड स्टोव्ह आहे, ऑइल फर्नेस पण आहे, पण ऑइलचं बिल बघून स्टोव्हच जास्त पेटवला आणि पहिल्याच हिवाळ्यात चार कॉर्ड लाकूड संपलं, सगळं विकतचं. आता दहा-बारा मैलांवरचे एक आजोबा म्हणतात माझ्या रानात वादळात पडलेले ओक आणि मेपल आहेत, कापून घेऊन जा. त्यासाठी पिकअप ट्रक घ्यायचाय. मॅसॅच्युसेट्समधली मैत्रीण पण म्हणते आमचं झाड पाडलंय, ने. ह्यांना त्याच ट्रकमागे कॅम्पर, म्हणजे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, लावून व्हाइट माउंटन्सला जायचंय, बघून ठेवलेल्या कॅम्परच्या जाहिरातीत वजन ४,३०० पाउंड लिहिलंय. मुलं दोन, आठ आणि चार वर्षांची. बजेट २५ हजार डॉलर, थोडं वरखाली चालेल. दीर म्हणतात डोळे झाकून फोर्डचा टर्बो इंजिनवाला एफ-१५० इकोबूस्ट घ्या, १३ हजार पाउंड खेचते. ह्यांच्या डोक्यात जुना डिझेल एफ-२५० बसलाय. मला स्वतःला फोर्ड मॅव्हरिक आवडलाय, पार्किंगला सोपा. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई, दिरांचं ऐकू नका. म्हणजे शेवटी ट्रक कदाचित ते म्हणतात तोच घ्याल, पण त्यांच्या कारणासाठी नको. १३ हजारचा आकडा खोटा नाहीये, २०१८ ते २०२० च्या एफ-१५० ला जास्तीत जास्त १३,२०० पाउंड असा आकडा होताच, पण तो एका ठरावीक ट्रकचा, मोठं इंजिन, मॅक्स टोइंग पॅकेज, बरोबर ॲक्सल रेशो, आणि आत बसलेली माणसं दोन, प्रत्येकी १५० पाउंडांची. हे मी मनचं सांगत नाही, टोइंगचे आकडे ज्या जे२८०७ नावाच्या नियमाने काढतात त्यातच असं धरलेलं आहे. तुमच्या घरात माणसं चार, वर कार सीट, वर कूलर, आणि तुमचे हे १५० पाउंडांत बसतात का ते मी विचारत नाही.

तुम्ही ट्रक बघायला जाल तेव्हा सेल्समन काही बोलायच्या आत ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर पिवळ्या पट्टीचा पांढरा स्टिकर असतो, टायरच्या हवेचे आकडे असतात तोच. त्यावर एक ओळ असते की माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या, इतक्या पाउंडांच्या वर जाऊ नये. हा त्या एका ट्रकचा पेलोड, त्या मॉडेलचा नव्हे. शेजारी उभा असलेला त्याच रंगाचा, त्याच वर्षाचा ट्रक दोनशे-तीनशे पाउंडांनी वेगळा निघू शकतो, कारण सनरूफ, पॉवरच्या सीटा, मोठी चाकं, फोर बाय फोर हे सगळं त्याच हिशोबातून वजा होतं. ट्रक जितका नटवलेला तितकी त्याची पाठ नाजूक. चार दारांचा, लेदरवाला, वरच्या ट्रिमचा एफ-१५० बघाल तर स्टिकरवर १,४०० च्या आसपास दिसलं तरी दचकू नका, आणि साधा एक्सएल किंवा एक्सएलटी १,७००-१,८०० दाखवेल. आणि मॅव्हरिकचा पेलोड १,५०० पर्यंत आहे! म्हणजे तुम्हाला आवडलेला छोटा ट्रक दिरांनी सुचवलेल्या नटलेल्या मोठ्या ट्रकाइतकंच पाठीवर घेतो, हे त्यांना जेवायला बोलावून सांगा.

आपल्याकडच्या लोकांना हे पटायला वेळ लागतो कारण आपण बोलेरो पिकअप बघत वाढलेलो. तिच्या एका मॉडेलच्या नावातच १.७टी आहे, म्हणजे सतराशे किलो कंपनीच सांगते, आणि ऊस, कांदा, विटा भरताना तो आकडा कोण पाळतं ते सोडूनच द्या. अमेरिकेतला हा एवढा अंगापिंडाने दुप्पट दिसणारा ट्रक आणि याची पाठ ६८० किलोंवर दमते, कारण हा खरं म्हणजे मागे हौदा लावलेली फॅमिली कार आहे, पाटे मऊ ठेवलेत म्हणून हायवेला गुळगुळीत चालतो. वाईट नाही ते, रोज मुलांना शाळेत सोडायचंय तुम्हाला. फक्त माहीत असू द्या.

आता लाकूड.

कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फुटांची रचलेली थप्पी, १२८ घनफूट. ताज्या तोडलेल्या रेड ओकची एक कॉर्ड ४,९०० पाउंडांच्या आसपास भरते. तीच वाळली की साडेतीन हजार. पांढऱ्या पाइनची वाळलेली कॉर्ड मात्र सव्वादोन हजारातच आटपते. म्हणजे हौदा भरला की नाही हे डोळ्यांना दिसतं, वजन दिसत नाही, आणि घोळ इथेच होतो. साडेसहा फुटी हौदा काठोकाठ म्हणजे साधारण ६२ घनफूट. नीट रचून भरलात तर जवळजवळ अर्धी कॉर्ड बसते, ओल्या ओकची असेल तर २,४०० पाउंड, बहुतेक अर्धा टनी, म्हणजे एफ-१५० च्या वर्गातल्या, ट्रकांच्या आकड्याबाहेर. बरं रचलं नाही, नुसतं फेकत भरलं, तर साधारण तिसरा हिस्सा कॉर्ड मावते. ती सोळाशे-साडेसोळाशे पाउंड, अधिक ड्रायव्हर, अधिक चेनसॉ, पेट्रोलचा कॅन, मदतीला आलेला माणूस. बघा किती झालं, आणि हौद्याच्या काठावर एक ओंडकासुद्धा आलेला नाही अजून. लोक म्हणतात आम्ही तर नेहमी भरतो, काही होत नाही. होत नाही असं नाही, मागचे पाटे उलटे वाकतात, पुढची चाकं हलकी होतात, हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात, आणि उतारावर ब्रेक दाबला की ट्रक तुमच्या मनाने नाही, स्वतःच्या मनाने थांबतो.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला ट्रकचा नाहीच आहे. आजोबांना विचारा की कापलेलं, फोडलेलं लाकूड त्यांच्याच रानात रचून ठेवू देतील का. खाली दोन आडवे वासे किंवा जुनी पॅलेट, वरून फक्त माथ्यावर ताडपत्री, बाजू उघड्या, वारा लागेल अशा जागी. ओकला दोन उन्हाळे लागतात वाळायला, मेपलला बहुतेक एक पुरतो. तुम्ही ओलं लाकूड घरी आणलं काय आणि तिथे ठेवलं काय, जाळता तर येणार नाहीच लगेच, मग प्रत्येक कॉर्डमागे तेराशे-चौदाशे पाउंड नुसतं पाणी ट्रकमधून का वाहायचं? वाळलं की न्या. वीस-तीस डॉलरचं मॉइश्चर मीटर मिळतं, एक तुकडा मधून फोडायचा आणि त्या ताज्या फोडीवर टोचायचं, वरच्या सालीवर नाही, २० टक्क्यांच्या खाली आलं की तयार. त्याच्या वर असलेलं लाकूड जाळाल तर खोली तापत नाही, काच काळी होते आणि चिमणीत क्रिओसोट, म्हणजे धुराचा डांबरासारखा थर, धरतं, आणि त्या क्रिओसोटने पेट घेतला की मग फायर ब्रिगेड. आपण चुलीत ओलं सरपण घातलं की आजी ओरडायची ती धुरामुळे, इथे प्रकरण जरा जास्त आहे.

मॅसॅच्युसेट्सचं लाकूड विसरा. मैत्रिणीचं मन मोडेल पण न्यू हॅम्पशायरमध्ये राज्याच्या परवानगीशिवाय बाहेरच्या राज्यातून कच्चं, उष्णतेची प्रक्रिया न केलेलं सरपण आणायला बंदी आहे. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चमकदार किडा आहे, २००२ साली मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ पहिल्यांदा सापडला, त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली बोगदे करतात आणि झाड काही वर्षांत उभ्याउभ्या मरतं. हा किडा स्वतः उडून फार लांब जात नाही, तो सरपणाच्या गाडीत बसून फिरतो. न्यू हॅम्पशायरमध्ये तो २०१३ मध्ये काँकर्डला सापडला. कीनपासून मॅसॅच्युसेट्सची हद्द हाकेच्या अंतरावर आहे म्हणून मोह होणार, तरी नको. कॅम्परमध्ये टाकून पण नको, कॅम्पिंगला जिथे जाल तिथलंच लाकूड घ्या. आणि आजोबांच्या रानात वाळून उभी राहिलेली ॲश दिसली तर तुम्ही दोघं ती पाडायला जाऊ नका, मेलेली ॲश ठिसूळ होते, कापताना वरची फांदी मोडून डोक्यात येते. पडलेली झाडं भरपूर आहेत म्हणताय ना, तीच करा.

आता कॅम्परचा हिशोब, आणि ट्रक ठरतो तो इथे, लाकडावर नाही. जाहिरातीतलं ४,३०० हे रिकाम्या कॅम्परचं वजन आहे, ज्यात बॅटरी नाही, भरलेली गॅसची टाकी नाही, पाणी नाही, तुमचा प्रेशर कुकर नाही, गाद्या-उशा-खुर्च्या काही नाही. निघायच्या दिवशी तो ५,४०० च्या आसपास असेल असं धरा. कॅम्परवरच्या प्लेटवर त्याचं जास्तीत जास्त भरलेलं वजन लिहिलेलं असतं, विकणाऱ्याला फोन करून तो आकडा मागा, हिशोब त्याच्यावर करायचा. आता या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (कॅम्पर अडकवायच्या जोडावर), म्हणजे ट्रकच्या पाठीवर यायलाच पाहिजे. १३ टक्के धरू, झाले ७००. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भार सगळ्या चाकांवर वाटणारी, लागेल, ती स्वतः ८०-९०. तुम्ही दोघं ३३०, मुलं आणि त्यांच्या सीटा १३०, हौद्यात कूलर, सायकली, ग्रिल, थोडं सरपण, १५० तरी. सगळं मिळून १,४०० झालं. आणि गाडी खेचतीये फक्त ५,४००, दिरांच्या १३ हजारांच्या निम्मंसुद्धा नाही. असा मोठा ट्रक खेचायला सहसा कमी पडत नाही, तो पाठीवर आधी संपतो.

मॅव्हरिक मात्र खेचण्यातच बाद, तो ४के टोइंग पॅकेजसकट ४,००० पाउंडच ओढतो, पॅकेज नसेल तर २,०००. कॅम्परचा विचार सोडून दिलात तर मात्र मी म्हणेन मॅव्हरिकच घ्या आणि मागे छोटा ट्रेलर लावा, रोजच्या वापराला त्याच्यासारखं काही नाही. टोयोटाच्या टकोमाचं तुम्ही विचारलं नाहीत पण कोणीतरी सुचवणारच, तर तुमच्या बजेटातल्या चार दारी टकोमाचा पेलोड साधारण अकराशे-बाराशेच असतो, तुमच्या १,४०० मध्ये बसत नाही, विषय संपला. जुना तर नकोच, २००५ ते २०१० च्या टकोमांची चासी गंजायची, त्यावर कोर्टात समूह-दावा झाला आणि २०१६ मध्ये कंपनीला मोठी तडजोड मान्य करावी लागली, तुमच्या रस्त्यांवरच्या मिठात त्यातलं काय उरलं असेल ते बघायला तरी कशाला जायचं.

डिझेल एफ-२५० बद्दल ह्यांना प्रेमाने सांगा की नको. दहा-बारा मैलांच्या फेऱ्या हे डिझेलचं मरण आहे. २००७-०८ पासूनच्या डिझेल ट्रकांना धुराच्या नळीत काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला इंजिन बराच वेळ गरम चालावं लागतं, हायवेला तासभर वगैरे, तुमच्या फेरीत ते तापतं न तापतं तोच घर येतं. फिल्टर तुंबला की बिल येतं ते बघून तुम्ही मलाच शिव्या द्याल. त्याच्या आधीचा फोर्डचा ६.० लिटरचा पॉवरस्ट्रोक डिझेल, २००३ ते २००७, हेड गॅस्केट आणि ईजीआर कूलरसाठी इतका बदनाम आहे की मेकॅनिक लोकांची त्याच्यावर घरं झाली असं म्हणतात. शिवाय डिझेल इंजिनचं वजन जास्त, ते पेलोडमधूनच जातं. २५ हजारात चांगला डिझेल मिळत नाही, मिळतो तो कोणीतरी पिळून काढलेला.

पण ह्यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. एफ-२५० पण पेट्रोलवाला, ६.२ लिटरचा व्ही८, २०११ पासून आला तो. साधं इंजिन आहे, टर्बो नाही, पेलोड आरामात अडीच हजाराच्या वर, ओलं ओक भरा, कॅम्पर लावा, त्याला काही वाटत नाही. मग अडचण काय? पेट्रोल पितो, रिकामा असताना खड्ड्यात दाणदाण आपटतो, मागे बसलेली मुलं कुरकुरतील, आणि तुम्हाला पार्किंग सोपं हवं होतं ना, हे त्याच्या बरोबर उलट आहे. घरात दुसरी गाडी आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल आणि ट्रक फक्त लाकूड-कॅम्पर-बर्फासाठी उभा राहणार असेल तर हाच घ्या, दुसरा विचार करू नका. ट्रक रोज चालणार असेल, तुम्ही चालवणार असाल, तर अर्धा टनी.

अर्धा टनीत मी तुम्हाला एफ-१५० एक्सएलटी सांगेन, २०१५ नंतरचा, साडेसहा फुटी हौदा, कंपनीचंच टोइंग पॅकेज, आणि स्टिकरवर १,७०० च्या वर आकडा. कमी दिसला तर दार लावा आणि पुढचा ट्रक बघा, सेल्समनशी वाद घालायची गरज नाही. ५.० व्ही८ किंवा ३.५ इकोबूस्ट दोन्ही चालतील. इकोबूस्ट चढाला मस्त ओढतो, पण २०१७ ते २०२० च्या काही इंजिनांत कॅम फेजरचा खडखडाट येतो, तोही फक्त थंड इंजिन सुरू करताना, दोन-तीन सेकंद. म्हणून फोन करून ठेवा की मी यायच्या आधी सुरू करू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर उद्या येते म्हणा. शेव्हीचा (शेव्हरोलेचा) ५.३ आणि रॅमचा ५.७ वाईट नाहीत, शेव्हीला लिफ्टरचा टिकटिक आवाज ऐका, रॅमला एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटतात त्याचा फसफस आवाज, तोही थंडीतच जास्त येतो. तात्पर्य काय, ट्रक सकाळी बघायचा.

टोइंग पॅकेज खरंच आहे का ते असं बघा. मागच्या बंपरखाली चौकोनी रिसीव्हर असला म्हणजे पॅकेज आहे असं नाही, तो कोणीही नंतर लावून घेतो. सात पिनांचं सॉकेट आहे का, डॅशबोर्डवर ट्रेलर ब्रेकचं कंट्रोलर आहे का, टो-हॉल मोडचं, म्हणजे ओझं ओढताना गिअर त्याप्रमाणे ठेवणारं, बटण आहे का. रिसीव्हरवर स्वतःचा स्टिकर असतो आणि त्यावर आकड्यांच्या दोन जोड्या, एक ट्रेलर अडकवायच्या साध्या बॉलवर आणि एक वेट डिस्ट्रिब्यूशन हिचसकट. बऱ्याच एफ-१५० वर साध्या बॉलचा आकडा ५,००० आहे, म्हणून वर ती हिच लागेलच म्हटलं.

आता गंज, आणि इथे घाई करू नका. २०१५ पासून एफ-१५० ची बॉडी ॲल्युमिनियमची आहे, त्यामुळे वरून ट्रक नवाकोरा दिसतो आणि लोक फसतात, कारण खालची चासी पोलादाचीच आहे आणि न्यू इंग्लंडमध्ये हिवाळाभर मीठ तिच्यावरच बसतं. जुने कपडे घाला, जमिनीवर एक पुठ्ठा टाका आणि खाली सरका. मागच्या ॲक्सलच्या वरचा चासीचा भाग बघा, पाट्यांचे शॅकल बघा, ब्रेकच्या बारीक नळ्या बघा, स्पेअर टायरच्या वरचा भाग बघा जिथे चिखल साचतो. छोट्या हातोडीने ठोका, टण्ण आवाज आला तर ठीक, धप्प आला किंवा पापुद्रे पडले तर उठा, कपडे झटका आणि घरी या. ट्रक पाच-सहा वर्षांचा आणि खालून मात्र काल रंगवल्यासारखा काळाकुळकुळीत असेल तर तो रंग कशावर फासलाय हा प्रश्न विचाराच. दक्षिणेतून आलेला ट्रक मिळाला तर हजारभर डॉलर जास्त द्यायला हरकत नाही. आणि घेतल्यावर दर ऑक्टोबरला खालून लॅनोलिनवालं तेल मारून घ्या, फ्लुइड फिल्म किंवा तसलं दुसरं काही, वास मेंढरांच्या वाड्यासारखा येतो आठवडाभर, सहन करा. पैसे देण्याआधी विकणाऱ्याचा नव्हे, तुमचा मेकॅनिक, लिफ्टवर चढवून. विकणारा नाही म्हणाला तर आपणही नाही म्हणायचं.

आणि सगळे २५ हजार ट्रकवर उडवू नका, थोडे ट्रेलरला ठेवा. लाकडासाठी साधा उघडा युटिलिटी ट्रेलर, ६ बाय १० किंवा ६ बाय १२. एका ॲक्सलचे बरेचसे २,९९० पाउंडांचे असतात, स्वतःचं वजन हजारभर गेलं की उरले दोन हजार, वाळलेल्या ओकची अर्धी कॉर्ड आरामात. ट्रेलर हौद्याइतका उंच नसतो, फळीवर ओंडका लोळवत नेता येतो, पाठ वाचते. ट्रकच्या हौद्यात थोडं, ट्रेलरमध्ये जास्त, अशी विभागणी केली की चार कॉर्डचं काम दोन-तीन वीकेंडांत उरकतं आणि ट्रकच्या पाट्यांना त्रास नाही.

ट्रेलर भरायची रीत मात्र शिकून घ्या. बैलगाडी मागे जड झाली की उलाळ होते आणि बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं जातं, तुम्ही गावाकडे पाहिलं असेल, अगदी तोच प्रकार. ट्रेलरच्या मागच्या टोकाला वजन गेलं की पुढचा बॉल वर उचलला जातो, ट्रकची मागची चाकं हलकी होतात आणि पंचावन्नच्या स्पीडला शेपूट डोलायला लागते. सगळी भीती त्या डोलण्याची आहे. जड ओंडके ॲक्सलच्या थोडे पुढे, हलके मागे. आणि कधी डोलायला लागलाच तर ब्रेकवर उभं राहू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ट्रेलरला ब्रेक असतील तर कंट्रोलरची चिमटी हाताने हळू दाबा, तेवढ्याने ओढून सरळ होतो. साखळ्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या लावायच्या. कॅम्पर घेतल्यावर पहिल्याच ट्रिपला एखाद्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल (ट्रक तोलायचा काटा) असतो तिथे थांबा, सगळं कुटुंब आत बसवून, टाकी भरून. आधी कॅम्परसकट तोला, मग कॅम्पर सोडून नुसता ट्रक तोला. प्रत्येक ॲक्सलवर किती, हिचवर किती, सगळं कागदावर मिळतं आणि मग माझ्या अंदाजांवर विश्वास ठेवायची गरज उरत नाही.

व्हाइट माउंटन्समधल्या कँकॅमेगस हायवेला जाणार असालच, लिंकन ते कॉनवे, तिथली खिंड २,८५५ फुटांवर आहे. हिमालय नाही, पण उतार लांब आहेत. टो-हॉल मोड लावून उतरा, गिअर खालचा राहू द्या, इंजिन ओरडलं तर ओरडू द्या. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर खाली पोचेपर्यंत वास येईल.

हौद्यात लाकूड भरताना कॅबच्या मागच्या काचेला प्लायवूडचा एक तुकडा उभा लावा. अचानक ब्रेक लागला की वरचा ओंडका सरळ काचेतून आत येतो, आणि तुमच्याकडे मागच्या सीटवर कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे. काठाच्या वर भरायचं असेल तर जाळी टाकून बांधायचं. हौद्याला स्प्रे लाइनर असलेला ट्रक मिळाला तर उत्तम, प्लास्टिकचं सुटं लाइनर गुळगुळीत असतं, लाकूड घसरतं आणि त्याच्याखाली पाणी साचून राहतं. फाळक्यावर उभं राहून ओंडके आपटत ढकलू नका, आजकालच्या फाळक्यात कॅमेरा असतो.

एक राहिलंच. आजोबांचा ओक येत्या हिवाळ्यात जळणार नाही, आत्ता कापलात तरी. येत्या हिवाळ्याचं बरंचसं लाकूड तुम्हाला विकतच घ्यावं लागणार आहे, ट्रक असो नसो, आणि ते ऑक्टोबरमध्ये मागवाल तर तेव्हा वाळलेलं शिल्लक नसतं, जे असतं ते वाळलेलं म्हणून विकतात. आत्ताच तीन-चार ठिकाणी फोन करा. पूर्ण कॉर्डचा भाव विचारा, फेस कॉर्ड म्हणाले तर ती थप्पी एकाच ओंडक्याच्या लांबीइतकी रुंद असते, सोळा इंची तुकडे असतील तर पूर्ण कॉर्डचा तिसरा हिस्सा, भाव ऐकून स्वस्त वाटतं. ढीग टाकून गेले की रचून मोजा, ४ बाय ४ बाय ८ भरत नसेल तर त्याच दिवशी फोन करा, आणि मीटर हातात असेलच तर दोन-चार तुकडे त्यांच्यासमोरच फोडून बघा.